'निरोगी मूल' या विषयात नापास झालेली डॉक्टर

पहिला पाऊस पडून गेला की आमच्या सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात जुलाब-उलट्यांची बाळे यायला लागतात. कधी कधी एका खाटेवर दोन-दोन. आम्ही नोंद करतो : वय, वजन, किती वेळा शी झाली, शेवटची लघवी कधी झाली. महिनाअखेरीला किती आली, किती बरी होऊन घरी गेली, किती दगावली याचा तक्ता वर जातो. पंचवीसेक वर्षे मी असे तक्ते भरत आलो आहे. त्यात एक रकाना कधीच नसतो, जी बाळे आलीच नाहीत त्यांचा. म्हणजे आईने अंगावरचे पाजणे सोडले नाही, पाणी उकळले, हात धुतले, म्हणून जी आजारीच पडली नाहीत. त्यांचा ना केसपेपर, ना खाटेचा नंबर. आम्हा डॉक्टरांना ती दिसतच नाहीत.

या न दिसणाऱ्या बाळांचा हिशेब मांडायला बसलेली एक डॉक्टर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये होऊन गेली. तिचे नाव सारा जोसेफिन बेकर. तिच्या काळात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत तिचे नाव सतत असे. आज वैद्यकीय विद्यार्थी तिला ओळखलेच तर 'टायफॉइड मेरी'ला पकडणारी बाई म्हणून. ती गोष्टही सांगतो, पण खरे काम वेगळे आहे.

जोसेफिनचा जन्म १५ नोव्हेंबर १८७३ चा, न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी असलेल्या पकिप्सी गावातला. वडील वकील, घर खाऊनपिऊन सुखी. आई गावातल्याच प्रसिद्ध व्हॅसार कॉलेजात शिकलेली आणि मुलीनेही तिथेच जावे हे जवळपास ठरलेले. जोसेफिन सोळा वर्षांची असताना आधी भाऊ आणि पाठोपाठ वडील टायफॉइडने गेले. मागे आई, बहीण आणि ती. कॉलेजचा बेत मोडला. घर चालवायला कोणीतरी कमावणे भाग होते आणि या मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले. आप्तांना ते अजिबात पटले नाही. तिने घरी बसून रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राचा अभ्यास केला आणि न्यूयॉर्कच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला ज्या धर्तीच्या महाविद्यालयात शिकल्या, त्याच धर्तीचे हे, एलिझाबेथ आणि एमिली ब्लॅकवेल या डॉक्टर भगिनींनी उभे केलेले.

तिथे ती हुशार विद्यार्थिनींत मोडत होती. नापास झाली ती एकाच विषयात. विषय होता 'निरोगी मूल', शिकवणाऱ्या डॉ. अ‍ॅनी डॅनियल. जोसेफिनला तो विषय फालतू वाटला. आजारी मूल म्हणजे वैद्यक, धडधाकट मुलात शिकण्यासारखे काय? नापास झाल्यावर विषय पुन्हा घ्यावा लागला. चिडून का होईना, तिने त्यावरचे मिळेल ते वाचून काढले आणि वाचता वाचता त्यात अडकली. १८९८ मध्ये ती वर्गात दुसरी येऊन पदवीधर झाली. एक सांगतो, आमच्या वेळच्या अभ्यासक्रमातही निरोगी मुलाची वाढ हा परीक्षेला 'सोडून द्यायचा' भाग समजला जाई. दुर्मीळ आजारांची नावे मात्र घडाघडा पाठ असत.

बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांत एक वर्ष उमेदवारी करून डॉ. बेकर न्यूयॉर्कला परतल्या आणि पाटी लावली. बाई डॉक्टरकडे कोण येणार? पहिल्या संपूर्ण वर्षाची कमाई १८५ डॉलर. पोटासाठी विमा कंपनीच्या तपासण्या केल्या आणि १९०१ मध्ये परीक्षा देऊन शहराच्या आरोग्य खात्यात निरीक्षकाची नोकरी धरली. शाळाशाळांतून रोज थोडा वेळ मुले तपासायची, महिना ३० डॉलर. डोक्यात उवा, डोळ्यात खुपऱ्या, अंगावर गजकर्ण दिसले की मुलाला घरी पाठवायचे. घरी पाठवलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे बघणे कोणाचेच काम नव्हते. उपचार होत नसत, मुले गल्लीत हुंदडत आणि वर्गातल्याच मुलांशी खेळून रोग वाटत. १९०२ मध्ये लिलियन वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतल्या लिना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोग म्हणून शाळांत पाठवले. तिने मलम, औषधे शाळेतच लावायला सुरुवात केली, घरी जाऊन आयांना समजावले आणि गैरहजेरी झपाट्याने उतरली. पुढे बेकरबाईंनी जे केले त्याचे बीज मला इथे दिसते, म्हणून हे श्रेय वेगळे नोंदवतो.

त्याच १९०२ च्या उन्हाळ्यात खात्याने त्यांना 'हेल्स किचन' या वस्तीत पाठवले. नावातच नरक. पाच-सहा मजली चाळी, लिफ्ट नाही, आतल्या खोल्यांना खिडकी नाही, एका खोलीत अख्खे कुटुंब आणि भाडेकरूही. काम होते घरोघरी फिरून आजारी तान्ही बाळे शोधण्याचे. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यात त्या जिने चढत आणि बहुतेक दारांआड एकच दृश्य दिसे : जुलाबाने सुकून गेलेले बाळ. त्यांनी पुढे लिहून ठेवलेल्या हिशेबानुसार तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आठवड्याला १५०० बाळे मरत होती.

कारणे आज कोणीही सांगेल. दूध शेतांवरून रेल्वेने शहरात येई आणि दुकानात उघड्या कॅनमधून डावाने मापून सुटे विकले जाई. बर्फ गरिबाला परवडत नव्हता. दुपारपर्यंत त्या दुधात जंतूंची शेती झालेली असे आणि तेच बाटलीतून बाळाच्या पोटात जाई. तान्ह्या बाळाच्या वजनाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणी असतो. मोठ्या माणसाला एक दिवसाचे जुलाब थकवतात, बाळाला ते काही तासांत संपवू शकतात. आज आपल्याकडे मीठ-साखरेचे पाणी आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याची ताकद साऱ्या जगाला दाखवून दिली. १९०२ मध्ये बेकरबाईंच्या बॅगेत तसले काहीही नव्हते. मरायला टेकलेल्या बाळाजवळ बसायचे, नोंद करायची, पुढचा जिना चढायचा. या वस्त्यांतल्या आईबापांविषयी त्यांनी आत्मचरित्रात जे लिहिले आहे त्यात कडवटपणा आहे आणि आज वाचताना तो खटकतो. पण निष्कर्ष त्यांनी अचूक काढला. बाळ आजारी पडल्यावर आपण पोचलो तर उशीर झालेला असतो. पोचायचे तर ते धडधाकट असताना.

हे अमलात आणायला सहा वर्षे जावी लागली. मध्ये १९०७ मध्ये ते मेरी मॅलन प्रकरण घडले. ही स्वयंपाकीण ज्या ज्या घरी कामाला राहिली त्या घरांत टायफॉइड निघाला, हे जॉर्ज सोपर या अभियंत्याने माग काढून दाखवले होते. ती स्वतः ठणठणीत होती, त्यामुळे आपल्यात रोग आहे हे तिला पटेना. नमुने घ्यायला आरोग्य खात्याने डॉ. बेकरना पाठवले. मेरी हातात मोठा काटा घेऊन अंगावर धावली आणि पसार झाली. पोलिसांनी आणि बेकरबाईंनी कित्येक तास घर पालथे घातले. अखेर एका कपाटवजा खोलीच्या दारात तिच्या झग्याचा तुकडा अडकलेला दिसला. रुग्णवाहिकेत ती इतकी झटत होती की डॉक्टरीणबाईंना रस्ताभर तिच्या अंगावर बसून राहावे लागले. ज्या रोगाने भाऊ आणि वडील नेले त्याच रोगाची निरोगी वाहक त्यांनी अशी धरून आणली. मेरीला पुढे आयुष्यातली बरीच वर्षे बेटावर डांबून ठेवले गेले. त्यातल्या न्याय-अन्यायावर आजही वाद आहे आणि मला तो वाद योग्य वाटतो.

आता १९०८. शाळांना उन्हाळी सुट्टी लागली की शाळांच्या परिचारिका मोकळ्या असत. डॉ. बेकरनी त्यातल्या ३० मागून घेतल्या आणि शहराच्या पूर्व भागातली, इटालियन स्थलांतरितांनी गच्च भरलेली एक वस्ती निवडली. जन्मनोंदणी कार्यालयातून आदल्या दिवशी जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे नाव-पत्ता रोज मागवायचा आणि त्याच दिवशी परिचारिका त्या दारात. औषधांची पेटी नाही. आईशेजारी बसायचे आणि सांगायचे : शक्य तोवर अंगावरच पाज, खिडकी उघडी ठेव, रोज आंघोळ घाल, उकाड्यात बाळाला कपड्यांत घट्ट गुंडाळू नकोस, संध्याकाळी बाहेर हवेत ने. मग काही दिवसांनी पुन्हा जायचे. बस्, एवढेच. सुईणी आणि आज्या ज्या तऱ्हेने सांगतात तसे, शेजारी बसून.

उन्हाळा संपल्यावर आकडे आले. त्या एका वस्तीत आदल्या उन्हाळ्यापेक्षा १२०० बाळमृत्यू कमी होते. बाकी शहरात फरक नव्हता. ज्या आमच्या तक्त्यात येत नाहीत त्याच त्या बाळांची ही मोजदाद होती.

आपल्याकडे आज आशाताई घरी येऊन तान्ह्या बाळाला बघतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या भेटींमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले काम आहे. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतल्याने मृत्यू किती घटतात हे त्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मधून जगापुढे मांडले. तिथल्या गावातल्या बायकांनी न्यूमोनिया, जंतुसंसर्ग ओळखून उपचारही केले, हे न्यूयॉर्कच्या पुढचे पाऊल. पण दारापर्यंत जाण्याची युक्ती तीच. सुशिक्षित घरांत आशाताईला बाहेरच्या बाहेर वाटेला लावतात, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. आत बोलवा, बाळाला तिच्या मांडीवर द्या, वजन करू द्या.

त्या उन्हाळ्यानंतर, ऑगस्ट १९०८ मध्ये, शहराने बाल आरोग्यासाठी स्वतंत्र विभाग काढला. अमेरिकेतला हा असा पहिला विभाग आणि प्रमुख डॉ. बेकर. हाताखाली दिलेल्या सहा पुरुष डॉक्टरांनी लगेच राजीनामे पुढे केले, कारण वरिष्ठ बाई. त्यांनी महिनाभर काम करून पाहावे, मग खुशाल जावे, असे बेकरबाईंनी सुचवले. महिन्यानंतर एकही गेला नाही. बाई असल्याची आठवण कोणाला होऊ नये म्हणून त्या पुरुषी कापाचा कोट, ताठ कॉलर आणि टाय घालत. त्या पेहरावातले त्यांचे फोटो पाहिले की आधी गंमत वाटते, नंतर वाटत नाही.

पुढची पंधरा वर्षे या बाईंच्या डोक्यातून जे निघाले त्यात यंत्र-तंत्र फार कमी, निरीक्षण भरपूर. उदाहरणार्थ डोळे. प्रसूतीत आईकडून परम्याचा संसर्ग बाळाच्या डोळ्यांत गेला तर बाळ आंधळे होई. उपाय माहीत होता, जन्मताच सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. पण सुईणीच्या पिशवीतली बाटली महिनोन्‌महिने उघडझाप होत राही. औषध खराब होई, नाहीतर पाणी उडून इतके जहाल होई की त्यानेच डोळा जाई. बेकरबाईंनी मधमाशीच्या मेणाच्या छोट्या कुप्या करवून घेतल्या, एकेका कुपीत एका डोळ्यापुरते औषध. फोडा, टाका, फेकून द्या. वर्षाला ३०० बाळे यामुळे आंधळी होत, ती संख्या दोन वर्षांत ३ वर आली, असे त्यांनी नमूद केले आहे. सुईणींना हाकलून द्या असा डॉक्टरांचा धोशा होता. बेकरबाईंचे मत उलटे. ज्या घरात परक्या पुरुषाला बाळंतिणीच्या खोलीत येऊ देत नाहीत तिथे सुईण जाणारच, तर तिला शिकवा, परवाना द्या, तपासत राहा.

किंवा बाळाचे कपडे. तेव्हा बाळाला एकावर एक थर चढवत आणि ते डोक्यावरून ओढून घालावे लागत. उकाड्यात ते बाळ उकडूनच निघे. त्यांनी समोरून उघडणारे, सैल, सुटसुटीत कपडे आखले, आपल्या झबल्या-टोपड्याच्याच जातीचे म्हणा ना. एका कंपनीने त्यांचे कागदी नमुने छापले आणि एका विमा कंपनीने आपल्या विमेदारांना वाटायला त्यांच्या दोन लाख प्रती घेतल्या. विमा कंपनीला बाळ जगण्यातला फायदा कळला होता, हे लक्षात घ्या.

मला सगळ्यांत आवडतो तो 'छोट्या आयां'चा प्रकार. वस्तीतल्या आया दिवसभर कारखान्यात किंवा शिवणकामात गढलेल्या. बाळ असे मोठ्या बहिणीच्या कडेवर. आठ-दहा-बारा वर्षांची पोर, कमरेवर भावंड, हे चित्र आपल्याला नवीन नाही. वीटभट्टीवर, ऊसतोडीच्या कोप्यांवर आजही दिसते. मुलींवर हे ओझे असू नये, हे म्हणणे बरोबरच. पण ओझे आहे तोवर तिला शिकवायला नको का? डॉ. बेकरनी बारा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलींचे गट शाळांतून बांधले, बाळाला कसे धरावे, काय भरवावे, बाटली कशी उकळावी हे शिकवले. मुलींनी ते घरी जाऊन आईला सांगितले, शेजारणीला सांगितले. परक्या भाषेतली परिचारिका जिथे अडत होती तिथे ही पोर सहज पोचली.

अनाथ बाळांची गोष्ट याहून अवघड होती. टाकून दिलेली बाळे उत्तम संस्थांत ठेवली जात. स्वच्छ दूध, पांढऱ्याशुभ्र चादरी, प्रशिक्षित परिचारिका, आणि तरीही ती भराभर मरत. चाळीतल्या अंधाऱ्या खोलीत मळक्या आईजवळ वाढणारी मात्र तग धरत. बेकरबाईंना वाटले, इथे कोणीतरी उचलून घेणारे नाही एवढाच फरक आहे. त्यांनी यातली अगदी नाजूक बाळे चाळीतल्या अनुभवी आयांकडे पैसे देऊन सांभाळायला सोपवली. वेडेपणाच वाटला असेल अनेकांना. मृत्यू घटले. आज कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला आम्ही सांगतो तेव्हा आमच्यापाशी शास्त्रीय पुरावा आहे, त्यांच्यापाशी फक्त डोळे होते.

या साऱ्यावर सगळे खूश होते असे नाही. ब्रुकलिनच्या काही डॉक्टरांनी महापौरांकडे लेखी तक्रार केली. मुलांना निरोगी ठेवून हा विभाग आमच्या धंद्यावर पाय देतो आहे, असा तिचा आशय होता. बेकरबाईंनी ती आपल्याला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी मानली. आमच्या व्यवसायाविषयी इतके प्रामाणिक कागद क्वचितच लिहिले गेले असतील.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने त्यांना बाल आरोग्यावर व्याख्याने द्यायला बोलावले. त्यांनी अट घातली, तुमच्या सार्वजनिक आरोग्याच्या पदवीसाठी मला विद्यार्थिनी म्हणून घ्या. तिथे बायकांना प्रवेश नव्हता. नकार आला. पण हा विषय शिकवू शकेल असे दुसरे कोणी सापडेना आणि विद्यापीठाला नमते घ्यावे लागले. १९१७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पहिल्या व्याख्यानाला मुलांनी टाळ्या पिटून त्यांची टर उडवली. त्या तिथे पंधरा वर्षे शिकवत राहिल्या.

अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा त्यांनी वृत्तपत्रांतून एक तुलना केली आणि ती देशभर गाजली. खंदकातल्या सैनिकांत मृत्यूचे प्रमाण ४ टक्के आणि घरी जन्मलेल्या बाळांत १२ टक्के. म्हणजे पाळण्यापेक्षा रणांगण सुरक्षित. सैन्यभरतीत तरुण मोठ्या संख्येने नापास होत होते आणि त्यांचे आजार बालपणातले होते. लहान मुलांच्या नावाने न सुटलेली सरकारी थैली सैनिकांच्या नावाने सुटली. बेकरबाईंना याचा विषाद वाटला, पण पैसा त्यांनी घेतला.

विभाग सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे १४४ बाळे वर्षाच्या आत मरत. १९२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या तेव्हा हा आकडा ६६ च्या आसपास होता. सगळे श्रेय एकटीचे नाही. त्याच काळात दुधाचे पाश्चरीकरण सक्तीचे झाले, पाणी सुधारले, नेथन स्ट्रॉससारख्या धनिकाने तर १८९३ पासूनच स्वस्त शुद्ध दुधाची केंद्रे चालवली होती. कशाने किती जीव वाचले हे वेगळे काढणे अवघड आहे. न आलेल्या रुग्णांचा हिशेब करताना ही अडचण नेहमीच येते. अंदाजपत्रकाच्या वेळी तिचाच फायदा घेऊन आरोग्य खात्यातल्या भेटी देणाऱ्या माणसांची पदे आधी कापली जातात, हे मी पाहिले आहे.

निवृत्तीच्या सुमारास त्यांनी राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीवर अमेरिकेतर्फे काम केले, पुढे न्यू जर्सीत शेतघरात राहिल्या आणि १९३९ मध्ये 'फायटिंग फॉर लाइफ' हे आत्मचरित्र लिहिले. त्यात महाविद्यालयात नापास झाल्याची हकिकत त्यांनी मोठ्या चवीने सांगितली आहे. २२ फेब्रुवारी १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.